चार नंबरची घरघर

–नाही हो साहेब, चार नंबरचं मशीन शेवटी बघा ना! आधी पाच-सहा उरकून घ्या. चारचं काय, मी कालच बघितलंय – कान लावा, आतून घरघर येते की नाही? येते! मग झालं तर, पंप चालू आहे, लिहून टाका. तुम्ही तपासणीची माणसं, तुम्हाला मी काय शिकवणार – पण चेहरा नवीन दिसतो, रागावू नका हं – तर गाडीच्या टाकीत पेट्रोल पडलं की आतली वाफ जाणार कुठे? बाहेर, भरणाऱ्याच्या थेट नाकात. म्हणून नोझलच्या तोंडाशी ही बारीक भोकं, आणि नळीच्या पोटात दुसरी नळी – एकीतून पेट्रोल जातं, दुसरीतून वाफ परत येते. ओढतं कोण तिला? मशीनच्या आत दोन मुठींएवढा पंप असतो, तो. आत चकती गरगरते, चकतीला कार्बनच्या पट्ट्या, त्या भिंतीला घासत घासत वाफ पुढे रेटतात, जमिनीखालच्या टाकीत. लिटरभर पेट्रोल वर, लिटरभर वाफ खाली. सोळा वर्षं ही मशीनं खोलतोय मी, आवाजावरून सांगतो कुठे काय दुखतंय ते.

पिशवी? बरोबर, नोझलला पिशवी बांधायची, पंप ओढत असेल तर ती चपटी होते – पाचला लावा की. बघा, कशी चिकटली! आता सहा... नाही, चारवर गर्दी आहे साहेब, माझी वहिनी पेट्रोल भरते तिथे, सख्ख्या दादाची बायको, तिनेच मालकाला सांगून मला इथे चिकटवलं. बिचारीचं डोकं सारखं दुखतं हल्ली. दुपारनंतर गरगरतं, मळमळतं. मी म्हटलं डोळे असतील, स्वतः नेलं, चष्मा करून आणला. आता कसं, बरं आहे. बरं म्हणजे – आहे आपलं. अहो, तिला आत पाठवून मशीन कशाला थांबवलंत? ऐका ना जरा –

हलली पिशवी. हलली नाही का? वाऱ्याने असेल. हो, वारा कुठे आहे म्हणा.

ठीक आहे, सांगतो. तीन महिन्यांपूर्वी वाफेच्या नळीत पेट्रोल शिरलं, पट्ट्या फुगल्या, पंप अडकला. पंप अडकला की मशीनच बंद पडतं – रस्त्यापर्यंत रांग, मालक माझ्या डोक्यावर उभा. नव्या पट्ट्या यायला आठवडा लागणार होता. मी जुन्या काढून टाकल्या. नुसती मोटर फिरते, घरघर येते, मशीनला वाटतं सगळं ठीक. आठवड्याचाच प्रश्न होता हो! पट्ट्या आल्यासुद्धा – या माझ्या कपाटात, पुडकं फोडलेलं नाही. बसवायच्या तर मशीन खोलायचं, खोललं की मालक विचारणार, इतके दिवस काय चालवलंस? आज करू, उद्या करू... वहिनीला दुसऱ्या मशीनवर टाकता आलं असतं, मनात आलं होतं. पण का म्हणून विचारलं असतं ना कोणी. माहीत होतं का म्हणता? म्हणजे – डोळ्यांचं नाही हे, ते मला माहीत होतं. डॉक्टर अक्षरं वाचून घेत होता आणि ती एकेक अक्षर बरोबर सांगत होती, तरी मीच म्हणत होतो, नीट बघ, वहिनी, नीट बघ. शेवटी डॉक्टर कंटाळला, म्हणाला घ्या, अगदी बारीक नंबर काढून देतो. मला लाज वाटते साहेब, त्या दिवसापासून वाटते. तिच्यासमोर तेवढं बोलू नका, ती आत खोलीत –

तुम्ही माझ्या मागे काय बघताय?

अगं वहिनी... कधीपासून उभी आहेस? तू बस ना आत, मी आत्ता पट्ट्या बसवतो, तासाभरात – साहेब, तुम्ही लिहा काय लिहायचं ते, आणि जा, जा आता. वहिनी, ऐक. अगं, चष्मा माझ्या हातात का देतेस?