पंधरा-पंधरा मिनिटांची मजा

नाही, पण मी म्हणतो, पोरांना मजा करायला परदेशी न्यायचं, तर पोरांनी निदान कुठे जायचं एवढं तरी सांगावं की नको? "बाबा, तुम्हीच ठरवा." संपलं! दाओन सतरा वर्षांची, धाकटा युग्योम पंधराचा, आणि दोघांचं उत्तर एकच, तेही पुस्तकातून मान वर न करता... तुम्हाला सांगतो, कोरियातल्या आमच्या दैगूत पोरं शाळेतून सुटली की क्लासला, तिथून सुटली की दुसऱ्या क्लासला, घरी येतात ती कपडे बदलायला. वर्षातून चार दिवस काय ते क्लास बंद, ऑगस्टच्या सुरुवातीला. पुढच्या वर्षी दाओनची मोठी परीक्षा, म्हणजे तेही चार दिवस गेले. मग ती कॉलेजसाठी सोलला जाणार, मग कसले बाबा आणि कसली सहल! म्हणून मी ठरवलं, या चार दिवसांत पोरीला माझ्याबरोबर मजा आलीच पाहिजे.

तक्ता केला. तैपेईचा, पंधरा-पंधरा मिनिटांचा. आमची ही म्हणाली, "अहो, ही सहल आहे की आणखी एक क्लास?" मी म्हटलं, तू थांब, मजा आपोआप येत नसते, ती आणावी लागते. सव्वाचार ते साडेचार मी चक्क 'हसणे' लिहिलं होतं... फोटोसाठी हो!

विमानात बघतो तर आख्खी आमची गल्ली! सगळ्यांचे क्लास त्याच चार दिवसांत बंद, जाणार कधी? पलीकडच्या रांगेत खुद्द गणिताचे सोक सर, काळा गॉगल लावून. मी वाकून नमस्कार केला, दोनदा केला, उत्तर नाही. माणूस गॉगलच्या आड घोरत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं...

पहिल्या दिवशी उंच मनोरा. त्याची लिफ्ट डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर पोचते, तेवढ्यात युग्योम उभ्या उभ्या झोपला. दुसऱ्या दिवशी आकाशकंदील. कंदिलाच्या कागदावरच इच्छा लिहायची आणि कंदील आकाशात सोडून द्यायचा. दाओनने ब्रश टेकवला, एक रेघ ओढली, ती रेघ लांबत लांबत पार खाली गेली... पोरगी कंदिलावरच पेंगलेली! मी हलवलं तिला, "ऊठ, मजा आलीच पाहिजे." आमच्या गाइड गुओबाई, हातात पिवळा झेंडा, त्यांचं वर आणखी, "उठा, उठा, हे नाही बघितलंत तर जन्मभर पस्तावाल!" कंदील गेला वर. इच्छा काय, तर एक रेघ.

तिसऱ्या दिवशी तामसुईच्या नदीत होडी. डाव्या खांद्यावर दाओन, उजव्यावर युग्योम, समोरच्या बाकावर आमची ही, तोंड उघडं टाकून... रोज रात्री त्यांना क्लासवरून आणायला तीच जाते ना. पुढे तो केशरी सूर्यास्त, माझे दोन्ही खांदे अडकलेले आणि नाकाला खाज! मी उठवणारच होतो, तक्त्यात होतं. पण दाओनकडे नजर गेली. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. माझ्या खांद्यावर ती शेवटची कधी झोपली होती, मला आठवेना. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात गुओबाई झेंडा घेऊन हजर. मी दबक्या आवाजात म्हटलं, "बाई, आणखी एक पाऊल पुढे आलात तर झेंडा नदीत जाईल." मजा आलीच पाहिजे ना? मग हीच मजा! चौथ्या दिवशी मी कुणाला बसमधून उतरूच दिलं नाही. गरम पाण्याचे झरे, देऊळ, बाजार, सगळं खिडकीतून मी एकट्याने बघितलं.

परतीच्या विमानात दाओन जागी झाली. चेहरा कसा टवटवीत! माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, इतकी मजा मला कधीच आली नव्हती. मैत्रिणी विचारतील, आपण कुठे कुठे गेलो ते सांगा ना."

मी लगेच मनोऱ्यापासून सुरुवात केली. कंदिलापर्यंत पोचलो असेन नसेन, पुन्हा मान खांद्यावर! मग काय... पुढचं सगळं हळू आवाजात माझं मीच बोलून घेतलं. घरातल्या एकाला तरी माहीत पाहिजे की नाही, आपण कुठे जाऊन आलो ते?