खिशातली शेव

हे खारे दाणे पुढे केलेत, पण मी घेणार नाही. का, ते सांगतो.

मागच्या महिन्यात सूनबाई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. काट्यावर उभा राहिलो, तर वजन तीन किलोनं वाढलेलं. बीपीही वर. डॉक्टर मला सोडून तिच्यावरच घसरले, "ताई, यांचं मीठ कमी करा म्हणून किती वेळा सांगायचं? घरात लक्ष देता की नाही?"

ती बिचारी माझी भाजी वेगळ्या पातेल्यात अळणी शिजवते. आणि मी रोज संध्याकाळी बागेत बसून खारे दाणे, शेव खायचो. पण मी खाली वाकून चपला घालायला लागलो. तीच म्हणाली, "चुकलं डॉक्टर. आता लक्ष देते."

रिक्षात कसंबसं बोललो, "पोरी, मी बाहेर खातो गं."

"माहितीये आबा. सदरे मीच धुते ना. खिसा उलटा केला की शेव निघते."

"मग तिथं सांगितलं का नाहीस?"

"दवाखान्यात पडद्याबाहेर केवढी माणसं बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं डॉक्टर तुम्हाला ओरडले असते."

सत्तरी उलटलेला माणूस मी, पण आमचं इंदिरानगर येईपर्यंत तिच्याकडे बघू शकलो नाही.