पिंजऱ्यातलं पाचट

(घाटनांदूरच्या अलीकडं, वराहपालन सोसायटीचं पत्र्याचं शेड. व्यायला आलेल्या डुकरिणींची रांग, एकेक लोखंडी पिंजऱ्यात. शेड सांभाळणारा मुंजाजी, अन् झाडलोट करणारी त्याची थोरली बहीण चतुराबाई.)

मुंजाजी : सर बाजूला, आक्का. काढू दे मला ते पिंजऱ्यातलं पाचट.

चतुराबाई : काढ की. तुझे हात मी धरलेत का?

मुंजाजी : पिंजऱ्याला पाठ लावून उभी हायस.

चतुराबाई : पाठ दुखती माझी.

मुंजाजी : पाचट आणलंस कुठनं? दोन सालं झाली, शिवारात ऊस न्हाई.

चतुराबाई : माझ्या कोपीच्या छपरावरचं उपसलं.

मुंजाजी : अन् कोपी गळाली म्हंजे?

चतुराबाई : गळायला पाऊस तर येऊ दे.

मुंजाजी : चेअरमन सकाळीच बोललेत. पाचट गेलं की नाली तुंबती, अन् धुवायला टँकर न्हाई. परत दिसलं तर दोघं बी घरी बसा म्हनले.

चतुराबाई : मला बी म्हनले. पिंजरा कावून केलाय ते बी समजावलं. मोकळी सोडली तर पिल्लावर लोळती म्हनले.

मुंजाजी : मग खोटं हाय का? आपल्या आबाची घरची डुकरीण बी दाबायची की.

चतुराबाई : दाबायची, एखादं. पर व्यायच्या आधी बाभळीखाली खड्डा करायची, काड्या, चिंध्या, गवत, सगळं तोंडानं न्यायची. तुझी चड्डी नेलती एकदा.

मुंजाजी : ते तू अख्ख्या गावाला सांगत फिर.

चतुराबाई : ही पिंजऱ्यातली बी तेच करायलीय, मुंजा. वळता येईना, जागा न्हाई, तरी सिमिट उकरायलीय.

मुंजाजी : मला म्हाईत हाय.

चतुराबाई : म्हाईत हाय, तर मागल्या बारीला, ही व्यायला आलती तवा, काढलंस कावून?

मुंजाजी : नोकरी हाय म्हनून.

चतुराबाई : मग आज बी काढ. घे, सरले मी.

मुंजाजी : (वाकतो, पाचटाला हात लावतो, अन् तसाच मागं सरतो.)

चतुराबाई : काय झालं?

मुंजाजी : मागल्या बारीला मी काढलं, पर ही थांबली न्हाई, आक्का. मोकळ्या सिमिटावर तशीच उकरत राह्यली. नाक सोललं. खुरातनं रगत आलं. पिल्लं त्याच्यातच पडली.

चतुराबाई : बोलला न्हाईस मला.

मुंजाजी : काय बोलू? शेजारी निजलेली शिवकन्या म्हनती, झोपीत मी नखांनी गोधडी उकरतो. पहिल्यांदा हसली ती. आता लेकराला घेऊन पल्याड निजती.

चतुराबाई : अन् तुला कळत न्हाई?

मुंजाजी : सकाळी बोटं दुखत्यात, तवा कळतं.

चतुराबाई : मुंजा…

मुंजाजी : असू दे पाचट. नाली तुंबली तर खोऱ्यानं वढीन मी.

चतुराबाई : अन् चेअरमन?

मुंजाजी : घरी बसा म्हनले तर बसू. दुसरं काय.

चतुराबाई : बघ, बघ. तोंडात घेतलं तिनं. पायाखाली सारायलीय.

मुंजाजी : बसली.

चतुराबाई : बसली बया.

मुंजाजी : आक्का, ह्या बाकीच्या कावून उठल्या?

चतुराबाई : पाचट वाजलेलं ऐकलं आसंल त्यांनी.

मुंजाजी : सगळ्याच उकरायल्यात की गं.

चतुराबाई : दिसावर आल्यात सगळ्याच.

मुंजाजी : एवढ्यांना काय देऊ, आक्का?

चतुराबाई : हळू बोल. हिला तरी निजू दे.