मन लावून वाचलेला अर्ज

डोळ्यांत औषध घालून मास्तर दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या. धाकटी कुठल्याशा कंपनीत नोकरभरतीचं काम बघत असावी.

“ताई, आता अर्ज एआयच चाळतं. नकाराची पत्रंही तेच लिहितं. मी नुसती पाठवायची.”

“बरंच झालं की! तुझ्या डोक्याचा ताप गेला.”

“काल एक जण ते पत्र घेऊन थेट ऑफिसात आला. पन्नाशीचा असेल.”

“भांडायला?”

“आभार मानायला! म्हणाला, बाकीच्यांनी साधं उत्तरही दिलं नाही. तुम्ही तर लिहिलंत, ‘तुमचा अर्ज आम्ही मन लावून वाचला.’ ज्यांनी वाचला त्यांना भेटायचंय.”

“अगं बाई! मग?”

“म्हटलं, मीच वाचला.”

“धडधडीत खोटं?”

“त्याचा चेहरा बघून दुसरं काही तोंडातून निघेना. तो गेल्यावर मात्र अर्ज काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.”

“आणि?”

मास्तरांनी मिटल्या डोळ्यांनीच मान तिकडे वळवली.

“ताई, तीन महिने आम्ही ज्याला शोधतोय ना, तो हाच होता गं.”