पाण्याची आण

शालू : न्हाई ताई. पाणी सोडून दुसरं काय बी द्या माझ्या सासूला. कडू असंल, जाळणारं असंल, चालंल. पाणी न्हाई.

गंगूताई : अगं, दुसरं काही माझ्यापाशी नाहीच. या बाटलीत उकळून निववलेलं मीठपाणी आहे, आणि पटकीवर तीच दवा आहे. डॉक्टरांनी शिरेत सुई बसवून दिली आणि ते पलीकडच्या तंबूत गेले. आता कुणीतरी बाटली उंच धरायची, एवढंच राहिलंय.

शालू : तंबूच्या दोरीला टांगा की.

गंगूताई : काल टांगली होती एकाची. वाऱ्यानं कनात हलली, सुई निघाली. माझे दोन्ही हात इथं गुंतलेत, बघतेस ना? यांच्या हाताला वांब येतात, गोळे चढतात, हात झटकतात. मी सोडला तर पुन्हा शीर सापडायची नाही.

शालू : पटकीवर पाणी दिलं की माणूस जातं. सारं गाव म्हणतं.

गंगूताई : गाव म्हणतं खरं. आणि गाव रिकामं होत चाललंय.

शालू : गावाचं ऱ्हाऊ द्या. मला आण घातली हाय. काल दिवस मावळताना, शुद्ध होती तवर, आत्याबाईनं माझ्या लेकराच्या टाळूवर हात ठेवला. म्हणल्या, शाले, मी कितीबी रडले, तुझ्या पाया पडले, तरी थेंब द्यायचा न्हाई. दिलास तं या लेकराची आण.

गंगूताई : आणि मग मागितलं त्यांनी?

शालू : मागितलं की. रातभर. मला 'शालूबाई' म्हणल्या, ताई. लगीन होऊन आले तवापासून 'शाले' न्हाईतं 'ए भवाने'. काल 'शालूबाई' म्हणून हात जोडले.

गंगूताई : तू काय केलंस?

शालू : बसून ऱ्हायले. लेकरू झोपलेलं, माझा पान्हा दाटलेला. तिकडं त्या पाणी पाणी करून राहिल्या अन् इकडं माझी चोळी चिंब. एकदा वाटलं, आणंत दुधाचं नाव न्हाई, दोन धारा तोंडात पिळाव्या. पण धीर न्हाई झाला.

गंगूताई : शालू, माणूस मरणाच्या दारात पाणी मागतं. नको म्हणून आण घालणारी बाई मी पहिल्यांदा पाहते आहे. का घातली त्यांनी?

शालू : प्रेमापायी.

गंगूताई : प्रेमा कोण?

शालू : यांची लेक. आमच्या घरच्यांची थोरली बहीण. परकर नेसून हुंदडायचं वय होतं म्हणत्यात. मागं अशीच पटकी आली तवा तिला बी झाली. बायका दारात जमल्या, म्हणल्या चतुराबाई, काळीज दगडाचं कर, पाणी देऊ नको. यांनी न्हाई दिलं. पोरीला दिसू नये म्हून घागरी, रांजण, समदं शेजारी नेऊन ठिवलं. तं पोरगी भिंतीला वळली. नुकती सारवलेली भिंत, ओली होती. ती चाटायला लागली.

गंगूताई : मग?

शालू : तशीच गेली. तवापासून आमच्या घरी दारावर कुणीबी येऊ द्या, वासुदेव येऊ द्या, कुत्रं येऊ द्या, आत्याबाई हातातलं टाकून आधी पाणी देत्यात. अन् काल मला म्हणल्या, जे माझ्या लेकीला न्हाई दिलं, ते मला कोणी द्यायचं न्हाई.

गंगूताई : इकडे ये. तुझं बोट दे. इथं ठेव, मनगटावर, अंगठ्याच्या खाली. काय लागतंय?

शालू : थंड हाय. माठावानी.

गंगूताई : धडधड?

शालू : न्हाई. काहीच न्हाई.

गंगूताई : बोटं बघ त्यांची.

शालू : दिवसभर धुणं धुतल्यावानी सुरकुतली हायत. पाण्याचा थेंब न्हाई अन् बोटं अशी!

गंगूताई : आतलं सगळं पाणी जुलाब-उलट्यांत निघून गेलंय, म्हणून. हे बघ शालू, तुझ्या लेकराला काही होणार नाही असं मी शंभर वेळा म्हणेन. पण लेकरू माझं नाही आणि आणही मला घातलेली नाही. मी जबरदस्ती करायची नाही. फक्त एवढं सांगते, आता फार वेळ नाही.

शालू : लेकरू रडून राहिलं, ताई. ऐकू येतंय? चिंचेखाली झोळीत ठिवलंय. तुमीच आत आणू दिलं न्हाई.

गंगूताई : आत आणायचं नाहीच.

शालू : यांचं तोंड बघा. अशी न्हाई हो माझी सासू. अख्ख्या कुरुंद्याच्या बाजारात आवाज निघावा असलं तोंड तिचं.

गंगूताई : शालू.

शालू : द्या. द्या ती बाटली. आण मोडायचीच तं माझ्या हातानं मोडू द्या. कुठवर धरू?

गंगूताई : खांद्याच्या वर. अजून वर. आता नळीला हात लावू नकोस. बघ, उतरायला लागलं.

शालू : जातंय? आत जातंय?

गंगूताई : जातंय.

शालू : देवा, माझ्या लेकराला सांभाळ. ताई, तुमी तं बामणाच्या. दिसभर आमाला शिवता, घाण काढता. घरचे काय म्हणत्यात?

गंगूताई : घरी कोणी उरलेलं नाही म्हणायला. आणि सोवळं हिंगोलीत खुंटीला टांगून आले आहे. खाली आली बाटली. वर धर.

शालू : हाताला मुंग्या येऊन राहिल्या.

गंगूताई : येणारच. दुसऱ्या हातानं कोपराला टेकू दे. बोल काहीतरी, म्हणजे कळायचं नाही. तुझे मालक कुठायत?

शालू : आमाला हितं उतरवलं अन् बैलाला पाणी बी न दावता गाडी माघारी घेऊन गेले. गावात आणखी माणसं हायत ना आणायची. ताई...

गंगूताई : काय?

शालू : लेकरू गप झालं.

गंगूताई : झोपलं असेल.

शालू : न्हाई, ते असं एकाएकी गप होत न्हाई. मुसमुसून झोपतं. ताई, आण लागली! मी पाणी दिलं अन् लेकरू गप झालं. धरा ही बाटली, मी बघून येते.

गंगूताई : हलू नकोस! माझे हात बघ. मी सोडू शकत नाही, शालू.

शालू : माझं लेकरू हाय ते!

गंगूताई : थांब. मी खाली बसले आहे, कनातीच्या फटीतून मला झोळी दिसते. थांब, वाकू दे. दिसली.

शालू : काय दिसून राहिलं? बोला ना!

गंगूताई : एक पाय बाहेर आलाय. पायात वाळा आहे?

शालू : हाय. चांदीचा. यांनीच घातला, बारशाला.

गंगूताई : हलतोय वाळा. तो बघ, अंगठा तोंडात नेतोय पठ्ठ्या. पानांकडे बघत पडलाय खुशाल.

शालू : खरं सांगून राहिल्या ना? माझं मन राखायला न्हाई ना?

गंगूताई : मन राखायला मला वेळ नाही, बाई. बाटली वर धर. आणि तुझा मोकळा हात दे इकडे. हं, इथंच. मघाच्याच जागी. डोळे मीट आणि सांग.

शालू : थंड हाय. न्हाई... थांबा. काहीतरी... अगं माय!

गंगूताई : लागलं?

शालू : कोंबडीच्या पिलावानी. मुठीत धरल्यावर आत कसं टुकटुक करतंय, तसं! ताई, गेलं... न्हाई, हाय. हाय! वाढून राहिलं.

गंगूताई : आता डोळे उघड, तोंडाकडे बघ.

शालू : डोळे तं खोबणीत गेले होते. वर येऊन राहिले. अन् ही नखं, काळीनिळी होती की हो! हे काय पाहून राहिले मी? बाळंत झाल्यावर लेकरू माझ्या हातात दिलं, तवा ते असंच निळ्याचं लाल झालं होतं. दाई म्हणली, बघ, जीव भरून राहिला. तसंच हाय हे. अगदी तसंच. म्हातारं माणूस असं परत जन्मतं व्हय?

गंगूताई : मी रोज बघते. अजून अंगावर काटा येतो. डॉक्टरसाहेब हैद्राबादेत शिकलेले, पण तेही दर वेळी नाडी लागली की 'शुक्र आहे' म्हणतात आणि चष्मा पुसतात.

शालू : निस्त्या मिठानं अन् पाण्यानं.

गंगूताई : नुसत्या मिठानं आणि पाण्यानं.

शालू : जे चुलीपाशी पडलेलं असतं, अन् जे रांजणात असतं... ताई. मंग प्रेमा?

गंगूताई : बाटली खाली आली तुझी.

शालू : ताई, मंग प्रेमा वाचली असती?

गंगूताई : मला नाही सांगता येणार. पुष्कळ वाचतात. ताकद असते तोवर नुसतं तोंडानं पाजलं तरी वाचतात. सगळे नाही.

शालू : यांना सांगू नका. पाया पडते तुमच्या.

गंगूताई : मी गावोगाव दुसरं काय सांगत फिरते आहे? पाणी द्या, पाणी द्या. घसा बसला माझा.

शालू : गावाला सांगा. यांना नगं.

चतुराबाई : कुणाचं... लेकरू... रडतंय?

शालू : आत्याबाई!

गंगूताई : तुमचा नातू, आजी. भूक लागलीय त्याला.

चतुराबाई : मंग ही चांडाळीण... हितं उभी काहून?

शालू : शिवी दिली! ताई, ऐकलं का? मला शिवी दिली त्यांनी!

गंगूताई : ऐकलं बाई. इतक्या आनंदानं शिवी घेणारी सून मी पाहिली नव्हती. आता वांब थांबलेत, सुई बसली आहे नीट. मी धरते बाटली, तू बाहेर जाऊन पाज त्याला.

शालू : न्हाई. हात बदलताना हलली तं? मी न्हाई सोडायची.

गंगूताई : मग तूच कनातीच्या दारापर्यंत सरक. नळी लांब आहे. तिथून पुढे मी तुला येऊ देणार नाही आणि तिथून आत त्याला आणणार नाही. साबणानं हात धुते, तुला पुसते, आणि मीच धरते त्याला छातीशी. तू त्याला बोट लावायचं नाही. कबूल?

शालू : कबूल. या लवकर. ऐकून राहिली ना मी, हुंदके देतंय. आले, आले माझं सोनं. हं. लागला. ताई, जरा डोकं वर धरा त्याचं. कसा घटाघटा पिऊन राहिला बघा.

चतुराबाई : शाले. हात वर करून, उघडी... जोगवा मागून राहिली का काय?

शालू : व्हय, मागून राहिले. मिळाला.

चतुराबाई : लेकरू बरं हाय?

शालू : लाथा मारून राहिलं. आत्याबाई, मी तुमची आण मोडली.

चतुराबाई : मोडली न्हाई. म्या घातली, म्या सोडली. सुटली म्हण.

शालू : सुटली.

चतुराबाई : काय हाय ते बाटलीत?

शालू : दवा हाय. नवी निघाली. हिंगोलीच्या गाडीनं आली. मागं नव्हती, कुठंच नव्हती.

चतुराबाई : नळीच्या जोडातून माझ्या हातावर गळलं मघाशी. ओठाला लावलं म्या. खारट हाय.

शालू : दवा खारट असती.

चतुराबाई : तुला न्हाई इचारलं. बाई, तुमी सांगा. तुमी खोटं बोलणाऱ्या दिसत न्हाई.

गंगूताई : मीठपाणी आहे, आजी.

चतुराबाई : निस्तं?

गंगूताई : नुसतं.

शालू : पण शिरंतून द्यावं लागतं, आत्याबाई! सुई लागती, डाक्टर लागतो. आपल्या गावात तवा कुठं होती सुई?

चतुराबाई : व्हय. सुई नव्हती.

शालू : न्हाईच.

चतुराबाई : पाणी होतं.

(पलीकडच्या रांगेत एक मुलगी पाणी मागते आहे आणि कुणीतरी तिला गप्प करतं आहे.)

चतुराबाई : कोण हाय ती?

गंगूताई : तुमच्याच गावची. सटवाजीची नात. आज सकाळी आणली. अजून तोंडानं पिऊ शकते, प्यायली तर सुईचीसुद्धा वेळ यायची नाही. पण तिची आजी जवळ कुणाला येऊ देत नाही. पाणी विष आहे म्हणते. मी पुन्हा पुन्हा सांगून आले.

चतुराबाई : रुक्माबाई. ती न्हाई ऐकायची तुमचं. तवा माझ्या दारात सगळ्यात म्होरं तीच उभी होती. वाईट न्हाई हो ती. माझी पोर जगावी म्हून रडत होती.

गंगूताई : झोपा आता. बोलू नका फार.

चतुराबाई : शाले, लेकरू झालं पिऊन?

शालू : झालं. पेंगलं.

चतुराबाई : मंग ताई ठिवतील त्याला झोळीत अन् येऊन ही बाटली धरतील. तू हात धू. उकळलेल्या पाण्याचा तांब्या भर, अन् जा त्या पोरीकडं.

शालू : अन् रुक्माबाईनं मला आडवलं, कुणी सांगितलं म्हणल्या, तं?

चतुराबाई : म्हणावं, प्रेमाच्या मायनं धाडलंय.