साडूच्या ट्रॅक्टरचे टायर

मला नीट आठवतंय का, शंकाच आहे, तरी सांगतो. माझ्या साडूचा, विनूचा, जपानी ट्रॅक्टर मरोळच्या शेडमध्ये नुकताच जोडून उभा होता. मी मेकॅनिकलचा निवृत्त प्राध्यापक, म्हणून तपासायला मला बोलावलं. ऑइल ठीक, ब्रेक ठीक. खोट सापडेना आणि माझी बायको "काय झकास आहे ना!" म्हणत फोटो काढत होती.

शेवटी म्हणालो, "विनू, मागचे टायर उलटे बसवलेत. टायरवरचे बाण पुढच्या दिशेला हवेत."

"जळतोस ना रे?" तो हसला.

जळत होतोच. म्हणून वाटलं, मलाच उलटं दिसत असेल. विषय सोडून दिला.

काही वर्षांनी त्याच्या शेतावर गेलो, तर टायर काढून सुलटे बसवलेले. ड्रायव्हर कौतुकाने म्हणाला, "चूक आमच्या विनूसाहेबांनीच पकडली!"