दळवीकाकांची ओढ

काकू, आणि भांडुपच्या या हॉलमध्ये काकांसाठी आलेल्या सगळ्यांनो, मला बोलणं जड जातंय. काका असते तर म्हणाले असते, "गो मेधा, बोल बेगीन, चाय थंड होता." म्हणून बोलते.

दळवीकाका आमच्या लॅबमधले टेक्निशियन. गेल्या रविवारी ते गेले. अजून पटत नाही.

त्यांचं काम काय होतं? पेशीला अगदी बारीक दारं असतात. औषध लागलं की पटकन उघडतात, पटकन मिटतात. त्यांतून जाणारी वीज मोजायची तर केसाहून बारीक काचेचं टोक पेशीला चिकटवावं लागतं. कसं? रबरी नळी तोंडात धरून हलकेच हवा ओढायची. जास्त ओढली, पेशी फाटली. कमी ओढली, चिकटतच नाही. काका याला 'ओढ' म्हणायचे. ओढण्याआधी एकच हुकूम, "गप रवा!" अख्खी लॅब चिडीचूप.

मग मी मशीन आणलं. हे सगळं आपोआप करणारं. काकांनी विचारलं, "मेधा, मग माझा काय?"

मी हसले. म्हटलं, "काय काका, तुम्ही पण ना!" उत्तर दिलंच नाही. आज त्याची लाज वाटते.

आणि मशीनची तर वाटच लागली. पंप ओढायचा, पेशी फाटायच्या. रोज तेच. शेवटी काकाच आले. "माझी ओढ मोजून घे."

त्यांच्या नळीला दाब मोजणारा सेन्सर लावला. आठवडाभर ते ओढत राहिले, मी नोंदत राहिले. तेव्हा कळलं, काका ओढता ओढता मध्येच जरासे थांबतात. का हो काका? "पेशीक पण येवक वेळ देवक होयो ना!"

ते थांबणं मशीनला शिकवलं. पेशी टिकल्या. मग मशीनचं औषध पेशीपर्यंत उशिरा पोचतंय, हेही त्यांनीच पकडलं. "दार उघडून बंद पण झाला, तुझा मशीन अजून चपला घालता!" किती हसलो होतो आम्ही!

काका, आज सकाळी मशीन लावलं. त्याने ओढलं. मध्येच थांबलं. अगदी तुमच्यासारखं. मला रडू आवरलं नाही.

"माझा काय" विचारलं होतंत ना? ऐका. रोज तुमचीच ओढ आहे, काका. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

आता आपण सगळे उभे राहूया. दोन मिनिटं. त्यांच्याच शब्दांत सांगते.

गप रवा.